भिंतीकडची बाजू

चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबायला नको होती. खाली 'तपासणी चालू' अशी पाटी अडकवलेली होती, मेकॅनिकने मजल्यामजल्यावर सांगूनही ठेवलं होतं. तरी ती थांबली, दार उघडलं आणि काखेत नकाशांची गुंडाळी धरलेली एक तरुण मुलगी, पाट्या न वाचणाऱ्या माणसांच्या सहजपणाने, आत आली. मेकॅनिक तिला काही सांगणार तेवढ्यात तीच त्याच्या शेजारी टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या निरीक्षकाकडे बघून म्हणाली, "काका, ओळखलंत का मला? एकदा तुमच्याकडे जेवायला आले होते." त्याने ओळखलं. लेकीच्या ऑफिसातली, तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी. "तुमची लेक गेल्यापासून आमच्याकडे अगदी सुनंसुनं झालंय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात नोकरी सोडून गेली ती गेलीच. फोनसुद्धा उचलत नाही. आता कुठे लागलीय?" लिफ्ट दुसरा मजला ओलांडत होती. त्याच्या हातातला टॉर्च उगाचच चालू होता. त्याने तो बंद केला. "आहे," तो म्हणाला. "बरी आहे." तळमजला आला. "माझी आठवण सांगा हं," म्हणत ती गेली आणि दार पुन्हा बंद झालं.

बाहेर थंडी पडायला लागून बरेच दिवस झाले होते. आणि त्याच सकाळी लेक नेहमीच्या वेळेला, नेहमीची पिशवी खांद्याला लावून, आईने भरलेला डबा घेऊन, "आज मीटिंग आहे, उशीर होईल," असं सांगून ऑफिसला गेली होती. तो तेव्हा बुटाची नाडी बांधत होता. "ठीक आहे," म्हणाला होता. आता मेकॅनिक विचारत होता, "साहेब, पुढे?" आणि पुढे काय ते त्याला आठवेना. चौथ्या मजल्याच्या दाराचं कुलूप आपण तपासलं की नाही? दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये, हे बघणं म्हणजे त्याच्या कामातलं बाळबोध काम. इतक्या वर्षांत ते केलं की नाही असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. हात आपोआप करत, डोळे आपोआप बघत. त्याने लिफ्ट पुन्हा वर घ्यायला सांगितली. मेकॅनिकने त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं आणि बटण दाबलं. कुलूप व्यवस्थित होतं.

तो लिफ्ट-निरीक्षक होता. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये काचेमागे जो कागद लावलेला असतो त्याच्यावर त्याची सही असे, आणि ती सही मिळवताना सोसायट्यांच्या सेक्रेटरींच्या नाकी नऊ येत. कचेरीत त्याला मागून 'लालशाई' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असे. नोकरीला लागला तेव्हाच्या वरिष्ठांनी त्याला पहिल्याच दिवशी, तेलकट मशीनरूममध्ये उभं राहून, सांगितलं होतं की आपल्याला चांगलं काय आहे ते बघायला बोलवत नाहीत. तुटणार काय आहे ते बघ. त्याने ते आयुष्यभर बघितलं. दोराच्या सुटलेल्या तारा, झिजलेल्या पट्ट्या, ब्रेकचा उशीर. हे बघणं कचेरी सुटली की कोटाबरोबर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. घरी भिंतीवरची तसबीर तिरकी असली तर जेवताना त्याचा घास अडे. लेक लहान असताना गणितं सोडवून त्याच्यासमोर आणून ठेवी, तो एकेक बघत जाई, आणि सगळी बरोबर निघाली की वही मिटून "ठीक आहे" म्हणे. बायको म्हणे, "अहो, ठीक काय ठीक? शाबास म्हणा की तिला." त्याला वाटे, ठीक आहे म्हणजे एकही चूक नाही. याच्यावर आणखी काय असतं?

लेकीला घरात ठकी म्हणत. लहानपणी लाकडाच्या बाहुलीसारखी गप्प बसून राही म्हणून. तपासणी संपवून रस्त्याने चालताना ते नाव त्याच्या डोक्यात उलटंसुलटं होत राहिलं. ठकी. ठकवणारी. मग त्याचीच त्याला लाज वाटली. दुपार होती, कचेरीत परत जायचं होतं, आणि पाय तिकडे वळत नव्हते. घरी जाणंही जिवावर आलं होतं. एका चौकात तो सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल होईपर्यंत उभा राहिला, मग माणूस असा रस्त्यात उभा राहू शकत नाही म्हणून समोरच्या दुकानाच्या काचेपाशी गेला. काचेत खेळण्यातली वाटावीत पण खेळणी नसलेली इंजिनं मांडलेली होती. जुन्या वाफेच्या इंजिनांच्या तळहाताएवढ्या प्रतिकृती. एकेकाला हाताने धरायचे दांडे, शिड्या, दिवे, आणि खिळ्यांच्या रांगा, डोळे बारीक केले तरच दिसणाऱ्या. त्याने सवयीने दोष शोधला. सापडला नाही. तो आत गेला.

दुकानाची मालकीण साखळीला अडकवलेला चष्मा लावून काहीतरी घासत बसली होती. तयार इंजिनं विकत नाही, ती म्हणाली. ती बाहेर ठेवलेली तिची स्वतःची. इथे सुटे भाग मिळतात, खोक्यात. जोडायचं आपण.

"याआधी केलंय कधी?"

"नाही."

"धातूला डाख दिलाय कधी, सांधे जोडायला?"

"दिलेला तपासलाय."

तिने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "मग हे मोठं नको. हे चार चाकांचं घ्या. यार्डात डबे ढकलणारं इंजिन. सांगाडा पितळेच्या पत्र्याचा आहे, घड्या घालून उभा करायचा. धुराडं आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या टाक्या मऊ धातूच्या ओतीव आहेत. त्यांना पितळेची आच लावू नका, बघता बघता पाणी होतं. आच कमी करायची."

"समजलं."

"समजून होत नाही ते. पहिलं इंजिन बिघडवायला घ्यायचं असतं. मी सगळ्यांना सांगते, आणि सगळ्यांना वाटतं आपलं नाही बिघडणार."

त्यालाही तसंच वाटलं. त्याने ते चार चाकांचं खोकं घेतलं, विजेवर तापणारी डाख द्यायची सळई, डाख नीट पसरावा म्हणून आधी लावायच्या फ्लक्सची बाटली, दोन बारीक कानशी आणि चिमटा घेतला, आणि हे सगळं कशासाठी ते स्वतःला न विचारता घरी आला. बायकोने विचारलं, "हे काय आणलंत?"

"इंजिन."

"कशाला?"

"जोडायला."

तिने खोक्यावरचं चित्र पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून दिली. संध्याकाळी ठकी आली. "मीटिंग लांबलीच," असं म्हणून तिने बूट काढले. त्याने बुटांकडे पाहिलं. टाचा एका बाजूला झिजल्या होत्या, दिवसभर चालणाऱ्या माणसाच्या झिजतात तशा. टेबलाशी बसून नकाशे काढणाऱ्या माणसाच्या टाचा अशा झिजत नाहीत. हे कसं दिसलं नाही आपल्याला? प्रश्न अगदी ओठांवर आला. आयुष्यात विचारायचा राहून गेलेला प्रश्न त्याला माहीत नव्हता. 'का', 'कधी', 'कुणी पाहिलं', 'नोंद कुठे आहे' हे त्याच्या तोंडात बसलेले शब्द. पण विचारलं तर ती उत्तर देईल. आणि उत्तर दिलं की ते खरं की खोटं ते बघावं लागेल. "पितळेचं इंजिन?" ती म्हणाली, "तुम्ही करणार?" आणि तिच्या तोंडावर किती दिवसांनी काहीतरी हललं. "हो," तो म्हणाला.

पितळेचा पत्रा वर्तमानपत्राच्या घडीएवढा होता आणि त्याच्यात सांगाड्याचे सगळे भाग, बारीक कानांनी एकमेकांना धरून, सपाट निजलेले होते. एकेक कान कापून भाग सोडवायचा, कडेचा उरलेला कण घासून काढायचा, आणि जिथे रेघ कोरलेली असेल तिथे दुमडायचं. रेघ घडीच्या आत राहिली पाहिजे. हे त्याने तीनदा वाचलं आणि पहिलीच घडी उलटी घातली. पत्रा सरळ करायला गेला तर रेघेवर तडा गेला. तो बराच वेळ त्या तड्याकडे बघत बसला. दुसऱ्याच्या कामात हा तडा असता तर त्याने एक शब्द लिहिला असता आणि पुढच्या मजल्यावर गेला असता. इथे पुढचा मजला नव्हता. तडा त्याच्यासमोर होता, त्याच्याच हातचा, आणि त्याला शेरा मारून भागण्यासारखं नव्हतं. आतून पट्टी लावून तो सांधायला हवा होता. डाख द्यायला गेला तर तो जिथे हवा तिथे न जाता सळईच्या टोकाशी गोळा होऊन बसे. फ्लक्सचा वास नाकात चढे, आंबट, औषधी, आणि डोळ्यांना पाणी येई. बोटं पोळली. तापलेलं पितळ आणि गार पितळ दिसायला सारखंच असतं, हे त्याला या वयात कळलं. चार-पाच संध्याकाळी गेल्यावर मात्र एकदा डाख सरळ फटीत शिरला, पाणी वाळूत मुरावं तसा, आणि चकाकणारी एक सरळ रेघ उठली. त्याने ती टेबलावरून उचलून दिव्याखाली धरली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "जमलं वाटतं." "ठीक आहे," तो म्हणाला, आणि मग पुन्हा एकदा, जरा हळू, "बरं जमलंय."

सकाळी ठकी निघे. तो तिचं निघणं आता ऐकत असे. पिशवीची चेन, डब्याचं झाकण, आईला हाक, दार. त्यात खोटं कुठेच वाजत नव्हतं, आणि त्याला नवल वाटे की एवढं मोठं यंत्र रोज बिनआवाज चालवायचं म्हणजे त्याला किती तेल घालावं लागत असेल. कुठे जाते? हा प्रश्न तो दिवसातून पुष्कळदा बाजूला सारी. तिच्या मागे जाणं त्याच्या हातचं होतं, पण ते त्याने केलं नाही. ती त्याला आपोआपच दिसली.

एका मोठ्या बाजार-इमारतीत काचेची लिफ्ट होती, आतल्या चौकाच्या मधोमध वर जाणारी, आणि तिची पूर्ण वजनानिशी चाचणी होती. लोखंडी वजनं आत रचून, तो आणि मेकॅनिक कडेला अंग चोरून उभे होते. अशा चाचणीत लिफ्ट पुनःपुन्हा वरखाली न्यावी लागते, थांबते कुठे, घसरते का, ते बघायला. सकाळची वेळ, दुकानं नुकती उघडत होती. मधल्या मजल्यावरच्या खाद्यगृहात खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. एका कोपऱ्यातली खुर्ची तेवढी खाली होती आणि तिच्यावर ठकी बसली होती. भिंतीकडे तोंड, मांडीवर डबा. ती जेवत होती. सकाळच्या त्या भलत्या वेळी, भूक नसताना, औषध घ्यावं तशी भराभर. डबा भरलेला परत नेला तर आई ओळखेल, टाकून देणं जिवावर येत असेल, म्हणून ती तो संपवत असावी, असं त्याला वाटलं. लिफ्ट वर गेली. लिफ्ट खाली आली. ती चावत होती. पुन्हा वर गेली. ती बाटलीतलं पाणी प्यायली. पुन्हा खाली आली तेव्हा ती झाकण लावत होती, कडा नीट जुळवून, लहानपणी त्याने शिकवलं होतं तशी, आधी एक बाजू, मग दुसरी. "साहेब, थांबवू का इथे?" मेकॅनिकने विचारलं. मधल्या मजल्यावर थांबण्याची चाचणी राहिली होती. तो म्हणाला, "नको. वर घे." काचेच्या पेटीत, लोखंडाच्या ढिगाशेजारी, सगळ्या बाजूंनी दिसणारा असा तो वर गेला, आणि तिने एकदाही मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी बायकोने ठकीला विचारलं, "डबा बरा होता?" ठकी म्हणाली, "हो, सगळा संपला." ती आत गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "हिचं ऑफिस कसं चाललंय?" बायको कपाटात पेले लावत होती. तिचा हात मधेच थांबला, अगदी क्षणभर, ब्रेकला उशीर होतो तेवढाच, आणि मग पेला जागेवर गेला. "चाललंय की," ती म्हणाली. तेव्हा त्याला कळलं की तिला ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक असणार. तिनेही ते त्याच्यापासून राखलं होतं, आणि रोज सकाळी उठून, नसलेल्या ऑफिससाठी, डबा भरला होता. त्याला राग यायला हवा होता. राग आलाही, पण त्याला धरायला जागा सापडेना. दोघींनी मिळून आपल्यासाठी घराची एक वेगळी आवृत्ती तयार ठेवली आहे, आपण आत आलो की ती उघडतात, आपण गेलो की मिटतात. असं त्याच्या मनात आलं आणि तो टेबलाशी जाऊन बसला.

सांगाड्यावर टाक्या बसवायच्या होत्या. डावी आदल्या दिवशी बसली होती, सुरेख. उजवी त्याने जागेवर धरली आणि सळई टेकवली. आच कमी करायची राहिली होती. हे त्याला दिसायच्या आधी वासाने कळलं, फ्लक्सचा वास बदलला, आणि टाकीची वरची कड, तिच्यावरच्या खिळ्यांच्या रांगेसकट, आत बसली. त्याने सळई काढली तोवर तिथे बोट जाईल एवढं भोक पडलं होतं आणि धातूचा एक ओघळ चाकाच्या पट्टीवर येऊन गोठला होता. टेबलावर कुणी नव्हतं. बायको बाहेरच्या खोलीत होती, ठकी तिच्या खोलीत. त्याने काय केलं? त्याने चिमटा ठेवला, सळई ती टेकवायच्या घोड्यावर ठेवली, इंजिन उचललं आणि कपाटाच्या वर, डावी बाजू खोलीकडे येईल असं, भिंतीला लावून ठेवलं. मग हात धुतले. हात धुताना त्याच्या लक्षात आलं की आपण नळ बारीक सोडला आहे, आवाज होऊ नये म्हणून. तो तसाच उभा राहिला. आयुष्यभर लोकांनी त्याच्यासमोर रंग मारून लपवलेले गंज, कापडाने झाकलेले तुकडे, मोडकी बाजू लपवून उभी केलेली दारं त्याने उघडी पाडली होती, आणि दर वेळी त्याला वाटलं होतं की ही माणसं लबाड असतात. आता त्याला स्वतःच्या मनात लबाडी शोधूनही सापडत नव्हती. एवढंच वाटत होतं की हे असं कुणी बघू नये. अजून व्हायचं आहे. थोडं सावरलं की दाखवू.

पुढचे कित्येक दिवस तो तसंच करत राहिला. बायको येता-जाता म्हणे, "छान दिसतंय हो," आणि तो म्हणे, "होतंय." काम झालं की न चुकता उजवी बाजू भिंतीकडे. ओघळ त्याने घासून काढला, भोक बुजवायला गेला तर आणखी मोठं झालं, मग त्याने ते सोडून दिलं. चाकं घातली तर ती फिरेनात. म्हणजे फिरत, पण एका जागी येऊन अडत, पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा दांडा तिथे ताठ होई. त्याने सगळं मोजून पाहिलं, सगळं बरोबर होतं. शेवटी ते रुमालात गुंडाळून दुकानात नेलं. मालकिणीने टाकीचं भोक पाहिलं आणि त्याच्याबद्दल काहीच बोलली नाही, जणू ते तिथे असायचंच होतं. तिने चाक बोटाने फिरवलं, कानाशी धरलं. "दांड्याची भोकं फार घट्ट आहेत. जरा मोठी करा."

"मग ते खडखडेल. ढिलं काम राहील."

"थोडं खडखडू दे. इतकं घट्ट केलंत तर फिरणार कसं?"

त्याच्या लेखी ढिलाई म्हणजे दोष होता. त्याने घरी येऊन भोकं घासली, केसभर, मग आणखी केसभर, आणि प्रत्येक वेळी कानस चालवताना काहीतरी बेकायदा करत असल्यासारखं मागे वळून पाहिलं. चाक फिरलं.

मग रविवार आला. दुपारी जेवणं झाल्यावर इंजिनाच्या पोटात बसणाऱ्या विजेच्या मोटरची तार जोडायची होती. इंजिन उताणं धरायचं, तार जागेवर दाबायची, डाख द्यायचा. दोन हातांत ते होईना. ठकी खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसली होती, पान उलटत नव्हती. "जरा इकडे ये," तो म्हणाला. "हात कमी पडतायत." तिला आजवर त्याने मदतीला बोलावलं नव्हतं, काम दाखवायला तेवढी ती येई. ती आली, तिने इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, आणि थांबली.

"हे काय झालं?"

"वितळलं."

"कसं?"

"आच कमी करायची राहिली. लक्ष दुसरीकडे होतं."

"तुमचं?"

"मग कुणाचं?"

तिने अंगठा त्या भोकाच्या कडेवरून फिरवला. "आम्हाला दिसलं कसं नाही?"

"भिंतीकडे करून ठेवत होतो."

"का?"

यावर काहीही सांगता आलं असतं. "तुम्ही दोघी काय म्हणाल, म्हणून," तो म्हणाला, आणि आपल्या तोंडून हे निघालेलं ऐकून त्याने घाईने सळई उचलली. "घट्ट धर. ही तार खाली दाब. काडीने दाब, बोटाने नको." तिने दाबली. डाख वितळला, पसरला. तिचा हात त्याच्या हाताच्या इतक्या जवळ होता की तिच्या नखांच्या कडा कुरतडलेल्या दिसत होत्या. ती खालमानेनेच म्हणाली, "बाबा, मी ऑफिस सोडलंय."

"हं."

"उन्हाळ्यात."

"हलवू नकोस. गार होऊ दे."

ती हलली नाही. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं. आईने सांगितलं?"

"आईने नाही. मला लिफ्टमध्ये तुझी मैत्रीण भेटली. आणि नंतर एकदा तू दिसलीस. काचेची लिफ्ट आहे ना बाजारात, तिच्यातून. डबा खात होतीस."

तिचे कान लाल झाले. "तिथे बाहेरचं खाऊ देत नाहीत," ती म्हणाली. "उघडायच्या आत उरकावं लागतं." आणि मग, "हाक का नाही मारलीत?"

"वजनाची चाचणी चालू होती." हे खरं होतं आणि त्याला ते पुरेसं वाटलं नाही. "काय बोलायचं ते सुचलं नाही."

मग तिने सांगितलं. त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तिने सांगितलं नसतं. एका इमारतीच्या नकाशात एका खांबाला जाड लोखंडी सळई लिहायची तिथे तिच्या हातून बारीक लिहिली गेली. नकाशा कामावर पोचला. तिसऱ्या दिवशी घरी येताना, बसमध्ये, तिला ते एकदम आठवलं. तिने उतरून फोन केला, काम थांबलं, नकाशा बदलला. खांब अजून उभा राहायचा होता. कुणी रागावलंसुद्धा नाही, साहेब उलट म्हणाले, होतं असं. त्याच्या डोक्यात सवयीने प्रश्नांची रांग उभी राहिली, नकाशा दुसऱ्याने का तपासला नाही, सही कुणाची होती, पाठवायच्या आधी कोण बघतं. त्याने ती रांग तशीच उभी ठेवली आणि फक्त म्हणाला, "चूक सापडली कुणाला?"

"मलाच."

"बसमध्ये?"

"हो."

"नुसत्या आठवणीने?"

"हो. पण त्यानंतर मला काही पुरं करता येईना. एकेक आकडा पुनःपुन्हा बघायचे. सही करायला हात उचलायचा नाही. सारखं वाटायचं, हे बाबा बघतील."

"मी कुठे बघणार होतो तुमचे नकाशे?"

"तेच तर," ती म्हणाली. "तुम्ही बघणार नव्हतात, हे मलाही कळत होतं. तरी."

सळई घोड्यावर गार होताना टिकटिक करत होती. त्याला पुष्कळ बोलायचं होतं आणि त्यातला एकही शब्द त्याच्या रोजच्या शब्दांतला नव्हता, म्हणून ते जुळवायला वेळ लागत होता. "बसमध्ये बसून, समोर कागद नसताना, चूक सापडणं," तो सावकाश म्हणाला, "मला नसतं जमलं. मला समोर लागतं सगळं. आणि उतरून फोन करणं तर... मी ही टाकी अजून आईला दाखवली नाही." ठकी हसली, म्हणजे तिच्या नाकातून हवा बाहेर पडली आणि डोळे भरून आले, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्याने तिला ते पुसता येईनात. त्याने चादरीच्या टोकाने पुसले. चादरीला फ्लक्स लागलेला होता, तिचे डोळे चुरचुरले, ती "बाबा, अहो," म्हणत मागे सरली, आणि बायको आतून चहा घेऊन आली ती दारातच उभी राहिली. तिने दोघांकडे पाहिलं. "बोललात एकदाचे?" ती म्हणाली.

"तू मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"ती म्हणाली, आधी दुसरं काहीतरी मिळू दे. नुसतं सोडलं म्हटलं की तुम्ही विचारणार 'का', आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं." तिने कप ठेवले, टेबलावरचं इंजिन उचललं, उजवी बाजू पाहिली. "एवढंच होय?" ती म्हणाली. "मला वाटलं चाक तुटलं." आणि तिने ते परत ठेवलं, जसं हाताला आलं तसं, कोणती बाजू कुठे येते ते न बघता.

चहा पिऊन त्यांनी दुकानातून आणलेला, टेबलाच्या लांबीएवढा रूळ मांडला आणि त्याला विजेच्या तारा लावल्या. इंजिन हललं नाही. ठकीने बोटाने किंचित ढकललं, तेव्हा ते कण्हल्यासारखा आवाज करून चालायला लागलं, खडखडत, आणि उलट्या दिशेने. "मागे चाललंय," ती म्हणाली. "तारा उलट्या लागल्या असतील." "चालू दे," तो म्हणाला. ते रुळाच्या टोकाशी आलं, तिने धरलं, पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवलं, पुन्हा ते मागे गेलं. असं बराच वेळ चाललं. मधूनमधून ती बोलत होती. नदीपलीकडे एक जागा आहे, जुन्या इमारतींची मोजणी करायची, नकाशा दुसरंच कुणी काढणार, पगार कमी आहे, पुढच्या आठवड्यात भेटायला बोलावलंय. जाईन, बहुतेक. तो "हं" म्हणत होता. बहुतेक म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. हळूहळू तिची वाक्यं तुटक झाली, मधल्या जागा लांबल्या. तिने डोकं टेबलावर टेकलं, इंजिन डोळ्यांच्या पातळीवरून बघायला म्हणून, आणि तशीच झोपली. गाल त्याच्या बाहीवर आला होता. महिनोन्महिने जागत असलेलं माणूस झोपतं तशी ती झोपली, तोंड जरा उघडं टाकून, श्वासाला घरघर.

तो हलला नाही. उन्हं टेबलावरून उतरून जमिनीवर गेली. बायकोने बाहेरच्या खोलीतून डोकावून पाहिलं, जवळ आली आणि पुटपुटली, "हात काढून घ्या ना हळूच. अवघडेल."

"असू दे," तो म्हणाला.

कोपरापासून मुंग्या यायला लागल्या होत्या. मग त्या बोटांत उतरल्या, मग गेल्या, आणि हात आहे की नाही हेही कळेनासं झालं. तो तसाच बसून राहिला.